दाजींचा हिमेजीला वेढा

रागवायला काही कारण लागतं असं मानणारी माणसं आमच्या दाजींना भेटलेली नसतात. दाजींना आधी राग येतो आणि मग त्याला कारण शोधायला ते दारात येऊन उभे राहतात. मंगळवार पेठेतलं त्यांचं घर रस्त्याला लागूनच असल्यामुळे फार वाट बघावी लागत नाही. दूधवाला लवकर आला तर "माणसानं झोपायचं न्हाय व्हय रं?" आणि उशिरा आला तर "आता जेवायलाच ये की!" वेळेवर आला तर त्याच्या गाडीच्या हॉर्नवरून. पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झाले, त्या समारंभात साहेबांनी 'अत्यंत शांत व मनमिळाऊ' असं भाषणात वाचलं, तर दाजी हार गळ्यात असतानाच उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, दुसऱ्या कुणाचं तरी भाषण वाचाय लागलाय तुम्ही!" हा माणूस माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी वकील आहे, भांडणाचे पैसे घेतो. दाजी तेच काम जन्मभर फुकट करत आलेत. माझाही स्वभाव काही थंड नाही. त्यामुळे आम्ही दोघं एका खोलीत बसलो की आक्का आधी रस्त्याकडची खिडकी लावून घेते.

जगात एकाच गोष्टीवर दाजी कधी रागावत नाहीत, ती म्हणजे पन्हाळा. तिथं ते गडाच्या वतीनं रागावतात. ढासळलेल्या तटावर, तटावर उगवलेल्या पिंपळावर, पिंपळाखाली पडलेल्या कुरकुऱ्यांच्या पाकिटावर आणि ते पाकीट टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांवर. एकदा गडावरच्या सज्जाकोठीच्या भिंतीवर एक तरुण किल्लीनं आपलं नाव, बदाम आणि बाण कोरत होता. बाजूला त्याची मैत्रीण कौतुकानं उभी. दाजी मागून गेले आणि म्हणाले, "नाव झक्कास लिवलंस. आता पत्ता बी लिव. म्हंजे घरी येऊन तुझ्या हॉलमधल्या भिंतीवर मी माझं लिवतो." पोरगं पांढरंफटक पडलं. दाजींनी त्याच्याकडून त्याच्याच रुमालानं ती भिंत पुसून घेतली, जेवढी पुसली गेली तेवढी, आणि मग दोघांना खाली बसवून डब्यातलं भडंग खायला घातलं. खातानाही ते ओरडतच होते. पण भडंग मात्र मुलीला दोनदा वाढलं.

त्यांचा एक नेम आहे. गड आधी बाहेरून बघायचा, शत्रूच्या डोळ्यानं. तटाखालून भोवतीनं चालायचं, कुठून चढता येईल, कुठं मार बसेल हे मान वर करून बघायचं आणि मगच दरवाजातून आत जायचं. "दारातनं सरळ आत शिरतोय त्यो पावणा. गड बघणारा आधी भवतीनं फिरतोय," असं ते सांगतात आणि ऐकणाऱ्याला फिरवतातच. माझं लग्न झाल्यावर नव्या नवरीला घेऊन आम्ही जोतिबाला गेलो होतो. येताना दाजींनी गाडी पन्हाळ्याकडं वळवली आणि अलीकडेच सगळ्यांना उतरवून तटाखालच्या करवंदीच्या जाळ्यांतून चालायला लावलं. बायकोच्या नव्या कोऱ्या साडीचा काठ काट्यांना लागला आणि एक चप्पल घळीत गेली. वर पोचलो तेव्हा झुणका-भाकरीवाल्या बाया टोपल्या उचलून घरी निघाल्या होत्या. अजूनही दाजी आमच्या घरी आले की बायको पदर आवरून बसते. ते आदरापोटी आहे असा दाजींचा समज आहे आणि तो मी मोडत नाही.

त्या भोवतीनं फिरण्यात त्यांना एकच माणूस मनापासून साथ द्यायचं, ते म्हणजे माझी भाची ऋतुजा. एकुलती एक लेक. शाळेत होती तेव्हापासून बापाबरोबर तटाखालून फिरायची आणि सगळा वेळ भांडायची. "पप्पा, हितनं मी चढून दाखवू?" "चढ. पाय मोडला तर मला सांगू नको." ती खरंच चढायची आणि हे खाली दोन्ही हात पसरून, तोंडानं शिव्या देत उभे. त्या दोघांचं पटतं म्हणजे काय, तर दोघांचं भांडण एका वेळी सुरू होतं आणि एका वेळी संपतं. ती इंजिनिअर झाली, पुण्याला नोकरीला लागली आणि मग कंपनीनं तिला जपानला पाठवलं. दोन वर्षांसाठी, असं सांगितलं होतं. दोनाची चार झाली. मग एका रविवारी, आम्ही सगळे दाजींकडं तांबड्या रश्श्यावर बसलो असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. ती हिमेजी नावाच्या गावी होती आणि तिच्या मागं एक किल्ला होता. पांढराशुभ्र, मजल्यावर मजले, पंख पसरून बसलेल्या बगळ्यासारखा. ती म्हणाली, "पप्पा, बघा की! खरं सांगू का? पन्हाळ्यापेक्षा भारी हाय हे."

दाजींच्या हातातली वाटी हातातच राहिली. "काय म्हणालीस?" ऋतुजा त्यांचीच मुलगी, तिनं परत सांगितलं, "भारी हाय म्हटलं. खोटं कशाला बोलू?" "पन्हाळ्यानं म्हैनं न् म्हैनं वेढा सोसलाय! त्या तुझ्या पांढऱ्या घरानं काय सोसलंय?" "पप्पा, तुम्ही बघितलाय तरी का?" यावर दाजींनी फोन ताटाशेजारी पालथा घातला आणि त्या दिवसापासून लेकीशी बोलणं बंद केलं. एका किल्ल्यावरून! मला सांगायला लाज वाटते, पण हे आमच्या घरातलं आहे. त्याच फोनमध्ये, किल्ला दाखवायच्या आधी, ती म्हणाली होती की कंपनीनं मुदत पुन्हा वाढवलीय. ते दाजींनी निमूट ऐकून घेतलं होतं. मला त्यांचा राग कशाचा आहे ते तेव्हाच कळलं आणि म्हणूनच मला त्यांचा राग आला. लेकीची आठवण येते असं या माणसाला तोंडानं म्हणता येत नव्हतं. पन्हाळ्याचा अपमान झाला असं मात्र पेठभर ओरडून सांगता येत होतं.

दीड वर्ष उलटलं तरी हे चालूच. ऋतुजाचा फोन आला की दाजी चपला घालून बाहेर जायचे आणि कोपऱ्यावर जाऊन रिक्षावाल्यांशी भांडायचे. आक्का फोनवर हसून बोलायची आणि ठेवला की डोळ्याला पदर लावायची. शेवटी एक दिवस मी आक्कासमोरच दाजींना फैलावर घेतलं. म्हटलं, "तुमचा राग तुमच्यापाशी ठेवा, माझ्या बहिणीला कशाला जाळता?" खिडकी लावायची राहिली होती, त्यामुळे समोरच्या गिरणीतलं दळण थांबलं. दाजी धुमसतच उठले आणि म्हणाले, "जातो. जाऊन बघतोच त्यो किल्ला. दगूड न् दगूड बघतो आणि तितं हुबा ऱ्हाऊन तिला दाखवतो, किल्ला म्हंजे काय आस्तोय." मी म्हटलं, "म्हणजे ऋतुजाला भेटायला निघालाय." "तिला कोण भेटाय निघालंय? किल्ला बघाय निघालोय. ती तितं असंल तर असंल."

मग सुरू झाली मोहीम. दाजींनी नातेवाइकांच्या पोरांकडून किल्ल्याचे नकाशे छापून आणले आणि घराच्या गच्चीवर खडूनं अख्खा हिमेजी काढला. विटा उभ्या करून दरवाजे केले आणि पाण्याची टाकी हा मुख्य मनोरा ठरवला. भोवतीच्या खंदकात आक्का सांडगे वाळत घालायची, कारण गच्चीवर तेवढीच जागा उरली होती. "खंदकात सांडगं घालाय लागलीयास! जगात कुटं कोरडा खंदक बघितलायस?" असं दाजी वरून ओरडायचे आणि "मग वततो का पाणी माझ्या सांडग्यांवर?" असं आक्का खालून. शेजाऱ्यांना आधी वाटलं दाजींचं डोकं फिरलं. मग त्यांनाही सवय झाली आणि कपडे वाळत घालायला आलेली माणसं दुसऱ्या दरवाजावरून वळसा घालून जाऊ लागली.

एका रविवारी मला हातात काठी देऊन शत्रू केलं. "पावणं, तुम्ही चाल करून आलाय. आत शिरा." मी पहिल्या दरवाजातून शिरलो, चार पावलं गेलो तर टाकीवरून आवाज, "मेलासा!" "कशानं?" "भोकातनं बाण. परत या." परत आलो. या खेपेला वळणावर मेलो, वरून दगड पडला. तिसऱ्यांदा उकळत्या पाण्यानं. डोक्यावर ऊन, पोटात काही नाही, आणि सुटीच्या दिवशी माझा मेहुणा मला पुन्हा पुन्हा ठार मारत होता. मी चिडून हरकत घेतली. "दाजी, ही वाट तर मनोऱ्याकडं पाठ करून उलटीच निघाली. असल्या वाटेनं मी कशाला जाईन? मी फसलो असं समजून मागं फिरेन!" "हितंच!" दाजी टाकीवर अक्षरशः नाचले. "हितंच फसतोय माणूस! म्होरं मनोरा दिसतोय आणि वाट त्येला मागं टाकून जातीय. काय डोस्कं लावलंय बेट्यांनी!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी काठी खाली ठेवून बघतच राहिलो. मग त्यांना आपण कुणाच्या बाजूचे आहोत ते आठवलं आणि ते घाईघाईनं रागावले. "म्हंजे... भेकडाचं काम हाय हे. समोरासमोर लढायचं सोडून माणसाला फिरवत बसायचं!"

तेव्हापासून दाजी संकटात पडले. ते त्या किल्ल्यात खोट शोधत होते आणि खोट सापडत नव्हती. लाकडी आहे, एका मशालीत संपेल, असं त्यांनी तालमीच्या कट्ट्यावर जाहीर केलं. दोन दिवसांनी कळलं की वरचा तो पांढरा गिलावा आगीपासून वाचवायलाच आहे. दाजी दोन दिवस कट्ट्यावर फिरकले नाहीत. मग दुसरी खोट: पांढरा आहे, लांबून दिसतो, म्हणजे शत्रूला आमंत्रणच. तर फोटोत भिंतीतल्या भोकांकडं बघून ते थंडावले, कारण तीन कोनांची, गोल आणि चौकोनी अशी वेगवेगळी भोकं वेगवेगळ्या हत्यारांसाठी ठेवलेली. शेवटी एकदा सकाळी सकाळी त्यांचा मला फोन. मी कोर्टात निघालेलो. "पावणं, सापडली! त्या किल्ल्यावर कवा नीट लढाईच झालेली न्हाय! एवढं सगळं करून ठेवलंय आणि कुणी चाल करून आलंच न्हाय. ह्येला किल्ला म्हंत्यात व्हय? बंगला हाय बंगला!" इतका आनंद मी त्यांच्या आवाजात ऋतुजा झाली तेव्हा ऐकला होता, त्यानंतर नाही.

तिकडून ऋतुजा मला गुपचूप फोन करायची. "मामा, पप्पा कुठवर आले?" "तिसऱ्या दरवाजात आहेत. मनोऱ्याकडं पाठ." ती हसायची. एकदा हसता हसता आवाज उतरवून म्हणाली, "मामा, येणार तर हाईत न्हवं? मला त्यांना एक सांगायचंय. फोनवर न्हाय सांगणार. आणि आधी दुसऱ्या कुणाला बी न्हाय." काय सांगायचं असेल ते मी ओळखलं. ती आता परत येणार नव्हती. हे बापाला तोंडासमोर सांगायचं तर आधी बापानं बोलायला हवं आणि बाप तर टाकीवर उभा राहून माझ्यावर बाण सोडत होता. मला रात्रंदिवस एकच धास्ती, की हे बोलणं व्हायच्या आधीच हा माणूस एखाद्या विटेवरून बिनसून मोहीम मोडून टाकणार.

ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात व्हिसाचं काम करायला मीच त्यांच्यासोबत गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "जाण्याचं कारण काय लिहू? नातेवाइकांची भेट?" "न्हाय." "मग पर्यटन?" "पर्यटनाला जाणारी तोंडं वाटत्यात व्हय आमची? पाहणी लिवा." बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी डोळे मिटले, त्यांनी पर्यटन लिहिलं. "सर, तो किल्ला अर्ध्या दिवसात बघून होतो. बाकीचे दिवस क्योतो, तोक्यो असं करूया?" दाजी म्हणाले, "अर्ध्या दिवसात आमचं आधी चहा-पाणी बी हुईत न्हाय. सगळं दिवस तितंच." ऋतुजाचं घर तिथून जवळ असताना त्यांनी हट्टानं हॉटेल धरायला लावलं. आक्का फक्त एवढंच म्हणाली, "तुम्ही ऱ्हावा हॉटेलात. मी माझ्या लेकीकडं ऱ्हाणार."  संध्याकाळी मला दाजींचा फोन आला, "त्ये हॉटेल रद्द करा. दोन ठिकाणी तळ टाकून मोहिमा हुईत न्हाईत."

निघायच्या आदल्या दिवशी बॅगांचं वजन जास्त भरलं. आक्कानं तळाशी कांदा-लसूण चटणी, भडंग, शेंगदाण्याची पोळी असं लेकीला आवडणारं सगळं कोंबलं होतं. दाजींनी बॅग उघडली, वरचे कपडे भिरकावले, चटणीचे डबे बघितले आणि घर डोक्यावर घेतलं. "ही काय माहेरवाशिणीची बॅग हाय? तितं थंडी किती हाय ठावं हाय का? माझं स्वेटर कुटं ठेवायचं?" मी सोडवायला उठलो, तर दाजींनी बॅगेतून आपले दोन्ही स्वेटर काढून बाजूला टाकले, चटणी नीट कापडात गुंडाळून परत तळाशी ठेवली आणि आक्काला म्हणाले, "झाकणं घट्ट लाव म्हटलं की लावत न्हाईस कवा!" मला मघाशी आलेला सगळा राग घेऊन मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

पुढचं मला आक्कानं सांगितलं. विमानतळावर ऋतुजा पाया पडली. दोन वर्षांनी बापानं तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य असं, "खंदक किती खोल हाय?" ती म्हणाली, "उद्या मोजूया की." दुसऱ्या दिवशी तिनं रजा काढली होती. सकाळी किल्ल्यासमोर उभे राहिल्यावर तिनं तिकिटाच्या रांगेकडं बोट दाखवलं आणि दाजी म्हणाले, "आधी भवतीनं." आक्का खंदकाकाठच्या बाकावर बसून राहिली आणि बाप-लेक पाण्याच्या कडेकडेनं निघाले. पहिल्या फेरीत दोघांचं जे भांडण जुंपलं ते आक्काला पलीकडच्या काठावरून ऐकू येत होतं. त्यात किल्ला फारसा नव्हताच. फोन का पालथा घातलासा, आजारी पडलीस ते तुझ्या आईकडनं का कळलं, दिवाळीला का आली न्हाईस, तुम्ही बोलावलंसा का. तिथली माणसं थोडी लांबून, वाकून वाट देत होती. आक्काच्या समोरून गेले तेव्हा दोघांचे चेहरे लाल होते आणि तिच्याकडं न बघताच ते दुसऱ्या फेरीला गेले. दुसऱ्या फेरीत पलीकडच्या काठावर दाजी एका जागी थांबले. ऋतुजा काहीतरी सांगत होती. तिनं ते राहतं घर विकतच घेतलंय, आता तिथंच राहायचं ठरवलंय, हे आक्काला नंतर कळलं. दाजींनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, घातला आणि चालू लागले. तिसऱ्या फेरीत आवाज आला नाही. आक्का म्हणाली, त्यांच्या लग्नानंतर इतका वेळ गप्प असलेला हा माणूस तिनं कधी बघितला नव्हता आणि तिला भीती वाटली.

ते परत आले तोवर आत सोडायची वेळ टळून गेली होती. दरवाजावरच्या माणसानं कमरेत वाकून माफी मागितली. ऋतुजा रडायलाच लागली. "पप्पा, एवढं ठरवून आलासा, गच्चीवर सगळा काढलासा! उद्या परत येऊया." दाजी म्हणाले, "नको. आता तुझं घर नीट दाखव." आणि बाकीचे सगळे दिवस ते त्या लहानशा घरात राहिले. नळ गळत होता तो आवळला, खिडकीची कडी बसवली, आणि कचरा कुठल्या दिवशी कुठल्या पिशवीत टाकायचा यावरून शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांशी खुणांनी भांडले. ते गृहस्थ जाताना यांना मुळ्याचं लोणचं देऊन गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून किल्ल्याचा वरचा मजला दिसतो म्हणे. दाजी तिथं चहा घेत उभे राहायचे. आत मात्र गेले नाहीत.

परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर पेठ जमली. मीही अशिलाला उद्या ये म्हणून सांगून गेलो होतो. इतके दिवस साठलेला दाजींचा राग आता हिमेजीवर कसा कोसळतो हे कुणालाच चुकवायचं नव्हतं. कुणीतरी मुद्दाम खडा टाकला, "सांगा की दाजी! बंगलाच हाय न्हवं? पन्हाळ्याफुडं काय न्हाय न्हवं?" दाजींनी चहाचा कप हातात घेतला. "भारी हाय," ते म्हणाले. "पोरगी म्हणत हुती ते खरं हाय. पन्हाळ्यापेक्षा भारी हाय."

 मला असा संताप आला की मी उभाच राहिलो. गडाचा एक दगड हलला तर जगाशी भांडणारा हा माणूस, ज्याच्यापायी माझ्या बायकोची चप्पल घळीत गेली आणि मी गच्चीवर इतक्या वेळा मेलो, तो पेठेत बसून पन्हाळा असा देऊन टाकत होता! मी ओरडलो, "दाजी, आत पाऊलसुद्धा टाकलं नाही तुम्ही! कशाच्या आधारावर बोलताय?"

"न्हाय टाकलं," दाजी म्हणाले. आवाज चढला नाही. "पावणं, पोरीला आता तितं जलम काढायचाय. लेक ज्या गडाखाली ऱ्हाणार, त्यो गड बारका हाय म्हणून सांगत फिरू व्हय मी?"

मी खाली बसलो.  कुणीतरी फुटबॉलच्या सामन्याचा विषय काढला आणि मंडळी हळूहळू तिकडं वळली. दाजींच्या हातातल्या चहावर साय धरली होती. असला गार चहा दिल्याबद्दल त्यांनी ओरडावं, चहावाल्याला बोलवावं, कप आपटावा, असं आयुष्यात पहिल्यांदाच मला मनापासून वाटत होतं. त्यांनी बोटानं साय बाजूला केली आणि चहा पिऊन टाकला.